घरचे इंटरनेट मध्येच का तुटते?



वसंतातल्या या व्याख्यानांत संतवाङ्मयापासून अर्थनीतीपर्यंत बहुतेक मोठे विषय होऊन गेले आहेत. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत, तो इतका घरगुती आहे की कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव वाचून पुष्कळांना हसू आले असेल. घरच्या कॉम्प्युटरवरचे इंटरनेट चालता चालता मध्येच का तुटते आणि तो दोष कसा हुडकून काढावा, एवढाच हा विषय आहे. कामगार संघटनेच्या माणसाने असला विषय का घ्यावा, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर आधी देतो.

२०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुष्कळांचे घर हाच त्यांचा कारखाना झाला. पुढे टाळेबंदी उठली, पण घरात आलेले सगळेच काम परत गेले नाही. आमच्या सभासदांच्या घरी आज कोणाची मुलगी नगावर मजुरीने नोंदी टंकते, कोणाचा मुलगा रात्री परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकतो. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, २०२१ साली सुरू झालेली ई-श्रमची नोंदणी, मुलांच्या परीक्षांचे फॉर्म, हे सारे त्याच एका तारेतून जाते. पूर्वी गिरणीत पट्टा तुटला म्हणजे खाते थांबे, मालकाचे नुकसान होई आणि फिटर धावत येई. आता घरातली तार तुटली म्हणजे मजुरी कामकऱ्याची बुडते आणि फिटर कोणीच नसतो. यंत्र घरात आले, त्याच्या मागोमाग यंत्राच्या दुरुस्तीचे ओझेही घरात आले. म्हणून हा विषय आमचा आहे.

आम्ही इंजिनियर नव्हे. आमची शाळा आठवीतच सुटली. जे काही शिकलो ते यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचून आणि लाइनमनच्या शेजारी उभे राहून. तेव्हा आम्ही जे सांगू ते आपल्यापैकी कोणालाही घरी करून पाहता येईल असेच सांगू.

बिघाडाच्या दोन जाती असतात. एक बसलेला बिघाड आणि दुसरा येता-जाता बिघाड. बसलेला बिघाड प्रामाणिक असतो. दिवा लागत नाही म्हटले की लागतच नाही. कारागीर येतो, पाहतो, दुरुस्त करतो. येता-जाता बिघाड हा एकांतऱ्या तापासारखा. रात्री रोगी हुडहुडतो आणि सकाळी वैद्यबुवा येतात तेव्हा अंग थंडगार. मग वैद्य म्हणतात, तुम्हांला काही झालेलेच नाही. नेटचेही तसेच होते. तक्रार करावी, दोन दिवसांनी माणूस यावा, त्याने कॉम्प्युटर उघडावा आणि नेमके त्या वेळी सगळे सुरळीत चालावे. तो सही घेऊन जातो, आणि त्याची पाठ वळते न वळते तोच येरे माझ्या मागल्या!

हा बिघाड आजचा नाही. १९९५ सालच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या वेळी ते टेलिफोनच्या तारेवरून येई, आणि घरातल्या कोणी दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलला की लागलीच तुटे. आज ती तार जाऊन काचेची तार आली, वेग शेकडो पटींनी वाढला, पण तुटण्याची कटकट काही संपली नाही. फरक एवढाच की, तेव्हा कोणी रिसीव्हर उचलला ते तरी कळत असे!

अशा बिघाडापुढे माणूस दोन गोष्टी करतो, आणि दोन्ही घातक आहेत. पहिली ही की, तुटल्याबरोबर तो सगळ्या पेट्यांची बटणे बंद करून पुन्हा चालू करतो. नेट परत येते, पण ते का गेले होते याचा सगळा पुरावा त्याबरोबर पुसला जातो. चोरी झालेल्या घरात पंचनाम्याच्या आधीच केर काढावा, तसा हा प्रकार. दुसरी गोष्ट ही की, वैतागून तो एकाच दिवशी चार बदल करतो. राउटर हलवतो, तार बदलतो, कॉम्प्युटर पुसून पुन्हा भरून आणतो. बिघाड जातो किंवा जात नाही. पण गेला तरी कशाने गेला हे कळत नाही, आणि परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका वेळी एकच बदल आणि त्या बदलाला पुरेसे दिवस, हा नियम आजच्या भाषणातून दुसरे काही लक्षात न राहिले तरी लक्षात ठेवावा.

आता ही वाट कशी आहे ते पाहू. कॉम्प्युटरपासून बाहेरच्या जगापर्यंत चार टप्पे आहेत. पहिला टप्पा खुद्द कॉम्प्युटर. दुसरा, कॉम्प्युटरपासून घरातल्या राउटरपर्यंतचा. हा वायफायने हवेतून जातो किंवा तारेने. तिसरा, घरातल्या पेटीपासून कंपनीच्या केंद्रापर्यंतचा. हा आज बहुतेक शहरांत काचेच्या तारेचा आहे. तिच्यातला काचेचा धागा अवघा १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे साधारण केसाएवढा असतो आणि त्यातून प्रकाश जातो. चौथा टप्पा, केंद्रापासून पुढचा. तो आपल्या हातातला नाही. दोष शोधणे म्हणजे या चार टप्प्यांतला कोणता टप्पा तुटतो ते ठरवणे. कारण मागाहून सापडते. आधी जागा सापडली पाहिजे. जागा न ठरवता दुरुस्ती करणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

येथे एक गोष्ट समजून घेणे जरूर आहे. इंटरनेटची मांडणीच अशी आहे की, त्यात काहीतरी हरवणार हे पहिल्यापासून धरून चाललेले आहे. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघा अमेरिकनांनी ज्या निबंधात ही रचना मांडली, तिच्यात मजकुराचे लहान लहान तुकडे करून धाडावयाचे आणि जो तुकडा पोहोचला नाही तो पुन्हा धाडावयाचा, अशी योजना आहे. लांबलचक पत्र पोस्टकार्डांवर तुकड्यातुकड्यांनी लिहावे, प्रत्येकावर क्रमांक घालावा आणि सातवे कार्ड मिळाले नाही असे समोरून कळले की तेवढेच पुन्हा टाकावे, तसे हे आहे. या सोयीमुळे लहानसहान दोष झाकले जातात. सिनेमा पाहत असाल तर पुढची काही मिनिटे आधीच येऊन साठलेली असतात. मध्ये दहा सेकंद वाट बंद पडली तरी पडद्यावर काही कळत नाही. पण फोनवर बोलत असाल किंवा मुलाखत देत असाल, तर त्या दहा सेकंदांची साठवण करताच येत नाही. म्हणून ज्या घरात सिनेमा बिनतक्रार चालतो त्याच घरात काम मात्र तुटते. “तुमचा सिनेमा चालतो ना, मग लाइन चांगली आहे,” असे उत्तर तक्रार केंद्राकडून आले, तर ते उत्तर मान्य करू नये. त्याने काहीच सिद्ध होत नाही.

आता हत्यारे सांगतो. ती तीन आहेत, आणि पहिल्याला पाच-दहा रुपयांहून अधिक खर्च नाही. ते म्हणजे वही.

वहीत चार रकाने आखावेत. तारीख, तुटल्याची वेळ, परत आल्याची वेळ, आणि चौथ्यात त्या वेळी घरात व बाहेर काय चालले होते ते. हा चौथा रकाना लोक सोडून देतात, आणि गुन्हेगार बहुधा त्यातच बसलेला असतो. पाण्याची मोटर चालू झाली, पाऊस आला, वीज गेली आणि इन्व्हर्टर लागला, शेजाऱ्यांकडे टीव्ही सुरू झाला, मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवले, मुलीने दुसऱ्या खोलीत नेऊन लॅपटॉप उघडला, जे असेल ते लिहावे. त्या वेळी अर्थ लावू नये, नुसते लिहावे. आठ-दहा दिवसांनी पान आपोआप बोलू लागते. पावसाबरोबरच तुटत असेल तर संशय बाहेरच्या तारेवर, विशेषतः जेथे अजून तांब्याची तार आहे तेथील जोडात शिरलेल्या पाण्यावर. एकाच खोलीत तुटत असेल तर वायफायवर. विजेच्या येण्याजाण्याबरोबर तुटत असेल तर पेटीच्या अडॅप्टरवर किंवा इन्व्हर्टरवर. रोज रात्री नऊ ते अकरा सगळ्याच घरांत मंदावत असेल तर कंपनीच्या तोकड्या व्यवस्थेवर. आणि घड्याळ लावल्यासारखे ठरावीक तासांनी तुटत असेल, तर कोठल्या तरी यंत्रातल्या एखाद्या ठरावावर.

दुसरे हत्यार म्हणजे आपले डोळे. पेटीवर लहान दिवे असतात, त्यांकडे आपण कधी पाहत नाही. तुटल्याबरोबर बटणाला हात न लावता आधी दिवे पाहावेत आणि वहीत लिहावेत. काचेच्या तारेच्या पेटीवर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला याचा अर्थ बाहेरून प्रकाश पोहोचत नाही. मग कॉम्प्युटर खोलण्याचे कारणच उरत नाही. उलट सगळे दिवे एकदम जाऊन पुन्हा एकेक लागू लागले, तर पेटी स्वतःच बंद पडून चालू झाली असे समजावे; म्हणजे विजेचा प्रश्न. जुन्या अडॅप्टरमध्ये पुरेसा जोर उरत नाही, काम वाढले की व्होल्टेज खाली येते आणि पेटी डोळे मिटते. डोळ्याच्या पापणीएवढा विजेचा खंड, पण पेटी पुन्हा उभी राहावयास दोन-तीन मिनिटे घेते. नवा अडॅप्टर घ्यावयाचा तर व्होल्ट मूळच्याइतकेच आणि अँपिअर मूळच्याइतके किंवा जास्त असावेत, पिनेची धन-ऋण बाजूही तीच असावी. आणि सगळे दिवे नेहमीसारखे हिरवे असूनही नेट नसेल, तर तेही लिहावे, कारण तोही पुरावाच आहे.

तिसरे हत्यार पिंग. १९८३ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका लष्करी प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाच्या तंत्रज्ञासमोर असाच एक प्रश्न आला. तेथील जाळे विचित्र वागत होते आणि दोष कोठे ते कळत नव्हते. त्याने एका बैठकीत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधण्यासाठी पाण्यात आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी परत येतो का ते ऐकतात, त्या आवाजावरून त्याने नाव दिले पिंग. आपण दूरच्या यंत्राला हाक मारावयाची, त्याने ओ द्यावयाची, आणि ओ यावयास किती हजारांश सेकंद लागले ते पडद्यावर उमटते. हा प्रोग्राम चाळीस वर्षांनंतर आजही आपल्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमध्ये फुकट पडून आहे. आणि आम्ही दुकानदाराला पाचशे रुपये देऊन येतो!

विंडोजच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडावी. शब्द आणि अंक अर्थात इंग्रजी लिपीत टंकावयाचे. प्रथम ‘आयपीकॉन्फिग’ असे लिहिले की ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावापुढे आपल्या राउटरचा पत्ता दिसतो. तो पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो. मग पिंग लिहून जागा सोडावी, तो पत्ता लिहावा, पुन्हा जागा सोडून वजाचे चिन्ह आणि टी हे अक्षर घालावे. आता आपण थांबवीपर्यंत दर सेकंदाला हाक जात राहील. थांबवावयाचे तेव्हा कंट्रोल आणि सी ही बटणे एकदम दाबावीत. मग अशीच दुसरी खिडकी उघडून तीत ८.८.८.८ या पत्त्याला हाक मारीत ठेवावी. हा गूगलच्या सार्वजनिक यंत्रांचा पत्ता आहे आणि तो ध्यानात राहावयास सोपा आहे. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून आपले काम करावे. खिडकीत घड्याळाची वेळ उमटत नाही, ती वहीत आपणच लिहावयाची.

पुन्हा तुटेल तेव्हा दोन्ही खिडक्यांकडे पाहावे. राउटरची ओ येत नाही आणि बाहेरचीही येत नाही, तर दोष पहिल्या दोन टप्प्यांत, म्हणजे घरात. राउटरची ओ नीट येते आहे पण बाहेरची बंद, तर कॉम्प्युटर आणि वायफाय निर्दोष. दोष पेटीत किंवा तिच्या पलीकडे. दोन्हींची ओ येते आहे पण पान उघडत नाही, तर दोष बहुधा नावांच्या यादीत. आपण नावे लिहितो, यंत्रे आकडे ओळखतात. नावावरून आकडा सांगणारी डीएनएस नावाची व्यवस्था मध्ये असते. ती मुकी झाली म्हणजे रस्ता चांगला असूनही पत्ता सापडत नाही. हे ताडून पाहावयाचे तर त्या दिवशी न उघडलेल्या एखाद्या नावाला नव्याने पिंग द्यावा. नाव सापडत नाही असे उत्तर आले की संशय खरा. यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या डीएनएसचा पत्ता घालणे. वायफायवर शेकडा एखादी हाक वाया गेली तर घाबरू नये. ओळीने पाच-सात गेल्या तर लिहावे.

आता घरातले नेहमीचे आरोपी. सर्वांत मोठा आरोपी वायफाय. त्याची शहानिशा करण्याचा खात्रीचा मार्ग एकच. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तार टाकून दोन दिवस काम करावे. दोष गेला तर तो वायफायचा. राहिला तर वायफायची सुटका. जुन्या धर्तीचे वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालते. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. आणि चाळीत किंवा सोसायटीत वीस घरांची वायफाये तेवढ्यात दाटीवाटीने बसलेली. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच सुमाराला, २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण तो भिंतीतून कमी जातो. म्हणून राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, आरशाच्या पाठी किंवा पाण्याच्या टाकीशेजारी ठेवू नये. घराच्या मध्यावर, उंच आणि उघडा ठेवावा. शोभा जाते खरी, पण नेट राहते.

दुसरा आरोपी, खुद्द कॉम्प्युटरची काटकसर. वीज वाचवावी म्हणून विंडोज काही वेळा नेटचे कार्डच झोपवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर तशी परवानगीची खूण असते. ती काढून टाकून पाहावी. काही कार्डांना ते पानच नसते. तेथे हा आरोपी वगळावा. तिसरा आरोपी सैल झालेली तार. तिच्या टोकाची प्लास्टिकची जीभ मोडलेली असते, पाय लागला की तुटते आणि हलवले की लागते.

चौथा आरोपी दिसत नाही. घरातलाच एखादा मोबाइल रात्री शेकडो फोटो वर पाठवीत असतो आणि बाहेर जाणारी वाट तुंबवून टाकतो. २०१० साली जिम गेटिस या अमेरिकन तंत्रज्ञाला आपल्याच घरी हा प्रकार आढळला. फाइली वर जात असताना पिंगची उत्तरे फार लांबत होती. पेट्यांच्या आत तुकड्यांची रांग लावण्याची जागा भलतीच मोठी ठेवल्याने रांग वाढत जाते आणि तातडीचे बोलणेही तिच्या शेपटाशी उभे राहते, असे त्याने दाखवून दिले. या दोषाला बफरब्लोट असे नाव पडले. आपल्या बाहेरच्या खिडकीत ओ तुटत नाही पण लांबत जाते असे दिसले, तर आधी घरातले मोबाइल मोजावेत.

आता हे सारे एका घरात कसे घडले ते सांगतो. आमच्या एक सभासद भगिनी चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. घरी बसून नोंदी टंकण्याचे काम करतात. दर नोंदीला ठरलेले पैसे. नेट तुटले की कामाचे पान बंद होते, अर्धी भरलेली नोंद जाते, आणि पुन्हा पुन्हा तुटले की त्यांना त्या दिवसापुरते काम देणेच थांबते. महिन्याच्या कमाईचा चौथा हिस्सा असा जाऊ लागला. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा सकाळी, आणि दोन्ही वेळा सगळे ठीक. त्याने सांगितले, तुमचा कॉम्प्युटर खराब आहे. दुकानदाराने पैसे घेऊन कॉम्प्युटर पुसून दिला. दोष जागच्या जागी. चोर सोडून संन्याशाला सुळी!

त्यांना आम्ही वही करावयास सांगितली. दहा दिवसांत तेवीस नोंदी झाल्या. एकही नोंद दुपारी चारच्या आधीची नव्हती, आणि दोन संध्याकाळी अजिबात खंड नव्हता. तार लावून पाहिली, फरक नाही. खिडक्या लावून पाहिल्या. राउटर बरोबर ओ देतो आणि बाहेरचे जग गप्प. दिवे पाहिले, एलओएसचा दिवा लाल होऊन काही सेकंदांनी विझतो. एवढ्याने जागा ठरली. कॉम्प्युटर सुटला, वायफाय सुटले. काचेच्या तारेत प्रकाश अडतो आहे. पण संध्याकाळीच का? उत्तर चौथ्या रकान्यात होते. तेवीसपैकी एकोणीस नोंदींपुढे त्यांनी सहज लिहून ठेवले होते, “डास आले, खिडकी लावली.” ज्या दोन संध्याकाळी खंड नव्हता, त्या दिवशी उकाड्यामुळे खिडकी उघडीच होती. काचेची तार भिंतीला भोक पाडून आत आणलेली नव्हती. ती खिडकीच्या चौकटीतून आत घेतली होती. कडी लावली की फळीखाली ती चिमटे, धागा नको तेवढा वाके आणि वाकलेल्या जागी प्रकाश बाहेर सांडे. वाऱ्याने फळी हलली की पुन्हा वाट मोकळी. अशा पेटीला येणारा प्रकाश मोजण्याचे माप असते; साधारणपणे तो उणे ८ ते उणे २७ या मर्यादेत असावा लागतो. खिडकी उघडी असता तो उणे २१ भरला आणि लावली की मर्यादेच्या खाली गेला. एकांतरा ताप डासांनीच येतो, हे येथेही खरे ठरले!

पण, मित्रहो, आम्हांला यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. वहीची नक्कल आणि प्रकाशाचे माप घेऊन तक्रार गेली, तेव्हा लाइनमन आला तो संध्याकाळी आला. त्याने अर्ध्या तासात भिंतीला भोक पाडून तार आत घेतली. आम्ही त्याला विचारले, हे पहिल्याच दिवशी का केले नाही? तो म्हणाला, “साहेब, मी कंपनीचा नोकर नाही, ठेकेदाराचा माणूस. जोडणीमागे पैसे मिळतात. दिवसात सहा जोडण्या केल्या तर घर चालते. भोक पाडावयाला मशीन माझी, बिट माझी, वेळ माझा. खिडकीतून तार दिली की दहा मिनिटे वाचतात.” म्हणजे पाहा. इकडे नगावर राबणारी बाई, तिकडे जोडणीवर राबणारा लाइनमन. त्याची वाचलेली दहा मिनिटे तिच्या पगारातून कापली जात होती, आणि दोघे एकमेकांना शिव्या देत होते. ठेक्याची पद्धत ज्यांनी बसवली ते या भांडणात कोठेच नव्हते. वही नसती तर हे भांडण तसेच चालू राहिले असते. वहीमुळे दोष माणसावरून उठून जागेवर आला, आणि जागेवरून पद्धतीवर आला.

म्हणून तक्रार करताना दोन पथ्ये पाळावीत. तक्रार केंद्रावर बोलणारी मुलगी आणि दारात येणारा लाइनमन यांच्यावर ओरडू नये. त्यांच्या हातात फारसे नसते, आणि आपली वही नीट वाचणारा पहिला माणूस बहुधा लाइनमनच असतो. दुसरे, तोंडी तक्रार करून थांबू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक मिळावयास हवा, आणि तिचे समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तो क्रमांक वहीत लिहावा. त्यानेही भागले नाही तर ग्राहक न्यायालय आहे. दूरसंचार सेवेच्या ग्राहकालाही तेथे जाता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला आहे. तेथे “साहेब, नेट सारखे तुटते” या वाक्याला वजन नाही. “अमुक तारखेपासून दहा दिवसांत तेवीस वेळा, या या वेळी, राउटर चालू असता बाहेरची वाट बंद,” या वाक्याला आहे.

तीस वर्षे संघटनेचे काम करताना आम्ही एक गोष्ट पाहिली. कारखान्यात ज्या खात्यातल्या कामगारांनी जादा कामाचे तास आपल्या वहीत लिहून ठेवले, त्यांची थकबाकी वसूल झाली. ज्यांनी नुसता संताप केला, त्यांचा संताप त्यांच्याजवळच राहिला. गरिबाचा शब्द आणि मोठ्या संस्थेचा शब्द समोरासमोर आले म्हणजे गरिबाचा शब्द हलका पडतो. तारीखवार लिहिलेला कागद मात्र हलका पडत नाही. येता-जाता बिघाड काय किंवा येता-जाता अन्याय काय, दोहोंची तऱ्हा एकच. साक्षीदार आला की ते गायब होतात. त्यांना धरावयाचे तर साक्षीदार कायमचा हजर हवा, आणि चार रकान्यांची वही हा असा साक्षीदार आहे की तो कंटाळत नाही, विसरत नाही आणि फितूर होत नाही.

एक सूचना करून आम्ही थांबतो. आपल्या आळीत, सोसायटीत, चाळीत अशा वह्या चार-पाच घरांनी एकाच वेळी ठेवाव्यात आणि महिन्याने एकत्र बसून ताडून पाहाव्यात. एकट्या घराचे खंड असतील तर दोष त्या घराच्या तारेत. सगळ्यांचे खंड एकाच मिनिटाचे असतील तर दोष गल्लीच्या टोकावरच्या पेटीत किंवा त्याच्याही पलीकडे, आणि मग तक्रार एकाची राहत नाही, आळीची होते. त्या तक्रारीला उत्तर लवकर येते, हा आमचा अनुभव आहे.